रोवण्याला गेलेल्या अकरा मुली

चंद्रपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाई,
सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. तू, भाऊजी आणि मयुरी बरे असाल असं धरून चालतो. धरून चालणं हाच माझा धंदा आहे, असं तू मला चिडवायचीस. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या भावाला दुसरं काय म्हणणार.

माझा नंबर तू बंद केला आहेस हे कळलं. दोन महिने झाले, मेसेजपुढे एकच टिक येते. म्हणून पोस्टाने लिहितो आहे. याआधी तुला पत्र लिहिलं ते तुझ्या लग्नानंतर, माझ्या दहावीच्या निकालाचं. त्यात गणिताचे मार्क लिहिले होते आणि इंग्रजीचे गाळले होते. तू उलट टपाली फक्त इंग्रजीचे विचारले होतेस.

आई माझ्याकडेच आहे. शुगर ताब्यात आहे. रोज विचारते, "नूतनचा फोन काऊन नाई येऊन राह्यला?" मी सांगतो, संशोधन केंद्रात उन्हाळी धानाचं काम चालू आहे, तिला वेळ मिळत नसेल. त्यावर ती म्हणते, "रात्री बी काम करते काय थे?" मग मी टीव्हीचा आवाज वाढवतो. मागच्या आठवड्यात आमच्या मागच्या कॉलनीत बिबट्या येऊन गेला. लोकांनी कुत्री घरात बांधायला सुरुवात केली आहे. तुझ्या भावजयीचं, नंदिनीचं, शाळेत शिकवणं चालू आहे. माझं कॉलेजही चालू आहे. अभ्यासक्रम वेळेवर संपतो आहे. मी वर्गात उभा राहतो, फळ्यावर लिहितो, तास संपला की पुसतो. सगळं जागच्या जागी आहे.

मयुरीच्या गुडघ्याचे टाके सुकले का? नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम ती करते का? पोलीस भरतीचा तिचा फॉर्म भरून झाला होता. मैदानी चाचणीत ती धावू शकणार नाही हे मला माहीत आहे, तरी विचारतो आहे. अकरावीपासून पोरीने त्याशिवाय दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्याखाली तू मला म्हणालीस, "तू म्हटलं म्हणून पाठवली मी तिले." एवढं बोलून तू वर गेलीस आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. मी तिथेच उभा होतो. हातात चहाचा कागदी कप होता, तो भरलेलाच डब्यात टाकला.

मी नेमकं काय केलं होतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगतो.

मयुरी जिथे राहून कबड्डी शिकत होती त्या अकादमीत एक जुना नियम होता. गुडघा दुखावला की एकवीस दिवस विश्रांती, मग मैदानावर. धनराज सरांनी तो त्यांच्या प्रशिक्षक म्हणून असलेल्या अनुभवावरून केला होता. गेल्या वर्षी काही पालकांनी तक्रार केली, की एकवीस दिवस कमी पडतात. तेव्हा अकादमीच्या समितीने मला बोलावलं. चार वर्षांचं दुखापतींचं रजिस्टर हातात दिलं आणि म्हणाले, सर, हे शास्त्रशुद्ध तपासून द्या.

तपासायची रीत अशी असते. समोरचा म्हणतो, सरासरी एकवीस दिवस. आपण ते आधी खरं धरायचं. मग नोंदी काढायच्या आणि विचारायचं, ते खरं असतं तर अशा नोंदी आल्या असत्या का? नोंदी फारच वेगळ्या निघाल्या तर ते म्हणणं नाकारायचं. फारशा वेगळ्या नसल्या तर नाकारता येत नाही. मी छत्तीस मुलींचे दिवस मांडले. सरासरी आली वीस पूर्णांक चार. एकवीसपेक्षा जास्त लागतात असं म्हणायला काहीच आधार नव्हता. तेच ऑगस्टमध्ये अहवालात लिहून दिलं.

मी लिहिलं होतं, "नाकारता येत नाही." समितीने सूचना फलकावर लावलं, "एकवीस दिवसांचा नियम संख्याशास्त्राने सिद्ध." खाली माझं नाव, पदवीसकट. या दोन वाक्यांतला फरक मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आणि तीही दर वर्षी चुकवतात. मी तो फलक पाहिला होता. दुरुस्त करा म्हणालो नाही.

नंतर नोव्हेंबरात मंडईच्या जत्रेतल्या सामन्यात मयुरी पडली. तू फोन करून विचारलंस, "राजू, एकवीस दिवसांत धाडू का नको?" मी म्हणालो, आकडे ठीक आहेत, बाई. धाड.

पण सरासरी म्हणजे प्रत्येकीचे दिवस नव्हेत. कुणाला बारा लागतात, कुणाला पस्तीस. मयुरीला जास्त लागणार होते आणि ते कुणालाही आधी कळलं नसतं. हे मी स्वतःला वाचवायला लिहीत नाही. निदान मला तसं वाटतं.

आईला एखादा फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नंदिनीच्या नंबरवर कर.

तुझा धाकटा भाऊ,
राजू

* * *

चंद्रपूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाई,
सप्रेम जयभीम.

उत्तर नाही आलं. म्हणजे पत्र पोचलं असणार. न पोचलेलं परत येतं.

आई बरी आहे. तू नंदिनीच्या नंबरवर फोन केलास, ती दिवसभर खूश होती. चार घरी सांगून आली. मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो असं तिने तुला सांगितलं असेल. मी बाहेरच्या खोलीत होतो.

मागच्या पत्रात मी तुला छत्तीस मुली लिहिल्या. रजिस्टरात सत्तेचाळीस होत्या.

अकरा मुलींच्या नोंदी मी गाळल्या. त्यांच्या नावापुढे दुखापतीची तारीख होती, मैदानावर आल्याची तारीख नव्हती. तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं, "रोवण्याला गेली." मी ते वाचलं आणि थांबलोसुद्धा नाही. आपल्याकडे धानाच्या रोवण्याला कोण जात नाही? आपण दोघं शाळा बुडवून जात होतो. तू बांधीतल्या चिखलात उतरायचीस, मी धुऱ्यावर बसून रोपांच्या पेंढ्या फेकायचो आणि त्या तुझ्या पाठीवर पडायच्या. पोरी रोवण्याला गेल्या, घरच्या कामात अडकल्या, आल्या नाहीत. याचा दुखापतीशी संबंध नाही असं मी ठरवलं.  अकरा ओळींवर पेन्सिलीने रेघ मारली.

पुण्या-मुंबईचा एखादा माणूस असता तर त्याने रोवणा म्हणजे काय असं विचारलं असतं. आणि ती भाताची लावणी हे कळल्यावर पुढचं विचारलं असतं, की सुजलेला गुडघा घेऊन पोरगी दिवसभर चिखलात वाकून कशी उभी राहील? मला विचारायची गरज वाटली नाही. मी इथलाच होतो ना.

रंभाकाकू तुला माहीत आहेत. अकादमीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन, मयुरी सुट्टीत त्यांच्या हातच्या वाफवलेल्या मुठ्या खायला आणायची. गडचिरोलीहून येताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. व्याहाडचा पूल ओलांडल्यावर मी सहज विचारलं, काय काकू, रोवणा झाल्यावर पोरी परत येत नाहीत का?

त्या हसल्या. "कोन्त्या पोरी, सर?"

मी म्हणालो, रजिस्टरात आहेत त्या, गुडघेवाल्या.

"गुडघा सुजलेली पोरगी काय रोवणा करन, सर? थ्या सोडूनच गेल्या. चालता नाई येत होतं त्यायले. पहिले मी 'सोडून गेली' असंच लिहत होती. मंग हापिसातून सांगितलं, तसं नोका लिहू, अकादमीचं नाव खराब दिसते. एका पोरीच्या बापानं खरंच रोवण्याच्या टायमाले नेलं होतं तिले. मंग मी सगळ्याइच्या नावापुढं थेच लिहून देत होती."

घरी येऊन मी रजिस्टरच्या झेरॉक्स काढून बसलो. अकरापैकी तीन नोंदी नोव्हेंबरच्या होत्या. बाई, नोव्हेंबर! नोव्हेंबरात धान कापतात, रोवणा पावसाळ्यातच उरकलेला असतो. मी धानवाल्या सोमाजीचा पोरगा, आणि नोव्हेंबरात रोवण्याला गेलेल्या तीन पोरी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मी तारखेचा रकाना पाहिलाच नव्हता.

तू असतीस तर एका नजरेत पकडलं असतंस. मी एकदा तुझ्या संशोधन केंद्रात आलो होतो, आठवतं? तू प्लॉटमध्ये उकिडवी बसून फुटवे मोजत होतीस आणि एक-एक आकडा वहीत टाकत होतीस. मधे एक रोप वाळून गेलं होतं. तू तिथे शून्य लिहिलंस. मी शहाणपणा केला, म्हटलं मेलेलं कशाला लिहितेस, ते सोड. तू मान वर न करता म्हणालीस, "तेबी जागाच हाये ना, बाबू. तिथं आपण रोप लावलं होतं." तेव्हा मी एमएस्सी झालो होतो. तू बारावी.

आता आकडे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझं लिहिणं पुढे जात नाही. त्या अकरा मुली परत आल्याच नाहीत, म्हणजे त्यांचे दिवस किती ते कुणालाच माहीत नाही. पण प्रत्येकीचे कमीत कमी साठ तरी धरू. चार जणींना फोन केले, त्या आज तीन-तीन वर्षांनीसुद्धा धावू शकत नाहीत, तरी साठच धरू. मग सत्तेचाळीस मुलींची सरासरी जवळजवळ तीस होते. एकवीस नाही. पालक बरोबर होते. एकवीस दिवसांचं म्हणणं नाकारायला हवं होतं, आणि ते नाकारायचं काम माझं होतं. ज्या बऱ्या झाल्या त्यांनाच मी विचारलं, की बरं व्हायला किती दिवस लागतात.

हे माझ्या नंतर लक्षात आलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुला हे आज का लिहितो आहे ते सांगतो. अकादमीत मंगली नावाची पोरगी आहे, कुरखेड्याकडची. अकरा फेब्रुवारीला तिचा गुडघा गेला. चार मार्चला तिचे एकवीस दिवस भरतात. तीन मार्चला समितीची बैठक आहे. मी अहवाल मागे घ्यायला जाणार आहे. काल धनराज सरांना फोन केला, की पोरीला उतरवू नका.  ते म्हणाले, "लेखी द्या, सर. नोटीस तुमच्याच नावानं लागली हाये." त्यांचं चुकलं नाही. आज सकाळी लेखी पाठवलं.

त्या अकरा जणींची नावं मी आता पाठ सांगू शकतो. वर्गात हजेरी घेताना मधेच एखादं तोंडात येतं. पोरं हसतात, मीही पुढचं नाव घेतो. मला वाटलं होतं, हे सगळं कळल्यावर रडू येईल, निदान झोप जाईल. तसं काही होत नाही. झोप लागते. भूक लागते. दात घासताना आरशात पाहिलं तर माणूस ठीकठाक दिसतो.

मयुरीला सांग, मामाने विचारलं आहे. नको वाटलं तर नको सांगूस.

तुझा,
राजू

* * *

चंद्रपूर
८ मार्च २०२५

बाई,

बुधवारी मयुरीचा फोन आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "मामा, आईनं तुही दोन्ही पत्रं वाचली.  फक्त म्हणे, मामाले इचार, नंतर म्हणजे कधी?"

मी म्हणालो, पत्रातच लिहितो. ती "ठीक आहे" म्हणाली आणि मी न विचारताच तिने सांगितलं, की जिना चढता येतो, उतरताना कठडा धरावा लागतो. मग म्हणाली, "तू जेवला ना मामा?" मी फोन ठेवला.

नंतर नाही, बाई. आधी.

रंभाकाकू बसमध्ये भेटल्या तो दिवस अठ्ठावीस नोव्हेंबर, गुरुवार. मी विद्यापीठाच्या कामाला गडचिरोलीला गेलो होतो. मयुरी अकरा नोव्हेंबरला पडली होती. म्हणजे तिचा सतरावा दिवस. ती तुझ्याकडे घरी होती, पायाला गरम पट्टी बांधून, दोन डिसेंबरची वाट पाहत.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, मी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस नोंदी लावून चाचणी पुन्हा केली. पहिल्या वेळी आकडा शून्याच्याही खाली आला होता. या वेळी तीन पूर्णांक पस्तीस आला. एक पूर्णांक अडुसष्टच्या वर गेला की म्हणणं नाकारायचं असतं. तो त्याच्या दुप्पट होता. चुकलं का म्हणून पुन्हा केली, पुन्हा तेच. मग लॅपटॉप बंद करून जेवलो. चवळीची भाजी होती.

म्हणजे दोन डिसेंबरच्या चार दिवस आधी मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. दुसऱ्या पत्रात मी "नंतर" लिहिलं ते खोटं लिहिलं. पहिल्या पत्रात "कुणालाही आधी कळलं नसतं" लिहिलं तेही खोटं.

फोन का केला नाही, हे तू विचारलं नाहीस, पण ते सांगायला हवं. शनिवारी तीस तारखेला कॉलेजात माझा सत्कार होता. याच अहवालासाठी. पेपरात चार ओळी आल्या होत्या, ग्रामीण खेळाडूंसाठी प्राध्यापकाचं संशोधन वगैरे. प्राचार्यांनी पाहुणे बोलावले होते. नंदिनीने नवा सदरा आणला होता. आई पहिल्या रांगेत बसणार होती. मी स्वतःला सांगितलं, एवढा शनिवार जाऊ दे, मग सगळं सांगू. कारण एवढंच होतं. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही. शनिवारी शाल घेतली, नारळ घेतला, अचूकतेवर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. तो मयुरीचा एकोणिसावा दिवस.

रविवारी, एक डिसेंबरला, दुपारी मी तुला फोन केला. तुला आठवत असेल किंवा नसेल, कारण आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तू म्हणालीस, "काऊन रे, आज मधातच फोन केला?"

मी म्हणालो, जेवलीस का.

"जेवली. पोरीची बॅग भरून राह्यली. उद्या सकायच्या गाडीनं जाते म्हणते. घरात नाचून राह्यली नुसती, म्या म्हटलं गुडघा सांभाळ माय."

मी विचारलं, भाजी कसली केलीस. तू म्हणालीस, "वांग्याची. काऊन, काही काम होतं का?"

मी म्हणालो, नाही, सहजच.

एक मिनिट बावन्न सेकंद. फोनमध्ये ती नोंद अजून आहे.

तू मला सरळ विचारलं होतंस, काही काम होतं का. सांगायची याहून चांगली जागा कुणी करून देत नाही. मी घाबरलो होतो म्हणावं तर तेही खरं नाही. छाती धडधडत नव्हती. मला वाटलं, ती छत्तीस जणींतली निघेल. सत्तेचाळीसमधल्या छत्तीस, म्हणजे चारातल्या तीन. मी माझ्या भाचीचा गुडघा चारातल्या तीनवर लावला, आणि तुला वांग्याची भाजी विचारली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत ती वळली आणि पडली. अर्धवट फाटलेलं लिगामेंट पूर्ण फाटलं. तुला हे माहीत आहे. मला संध्याकाळी चार वाजता भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. तास पूर्ण केला.

समितीची बैठक झाली. तीन मार्चला मी अहवाल मागे घेतला, अकरा नोंदी कशा गाळल्या ते फळ्यावर लिहून दाखवलं. एकवीस दिवसांचा नियम रद्द झाला. आता डॉक्टरने पाहून लिहून दिल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. रजिस्टरात खरं कारण लिहायचं, असंही ठरलं. मंगली मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून गुण लिहिते, धनराज सर सांगत होते. तेवढं झालं.

पण पुढचं ऐक. मी बोलून खाली बसलो तर अध्यक्ष म्हणाले, सरांची नजर बारीक म्हणून हे सापडलं, दुसरा असता तर झाकून ठेवलं असतं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्यासमोर चहा आला, बिस्किटं आली. एकानेही विचारलं नाही, की सर, हे तुम्हाला कळलं कधी? मीही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा शाल घेऊन आल्यासारखा घरी आलो. आणि दोनच दिवसांनी तुझ्या पोरीने तुझा प्रश्न मला विचारला.

आज कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम आहे. सगळे हॉलमध्ये आहेत, मी स्टाफरूममध्ये एकटा आहे. सकाळी समितीला आणि प्राचार्यांना पत्र दिलं. त्यात अठ्ठावीस नोव्हेंबर आहे, सत्कार आहे, आपला फोन आहे. मयुरीचं नाव घातलेलं नाही, "माझी भाची" एवढंच लिहिलं आहे. प्रत सोबत ठेवली आहे. पुढे काय करायचं ते ते ठरवतील. त्यांनी काही केलं नाही तर मला त्याचंच जास्त वाईट वाटेल.

काल आईलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "नूतनले माहीत हाये?" मी म्हणालो, उद्या लिहितो. ती म्हणाली, "मंग मले काऊन सांगतं पहिले?" आणि उठून आत गेली. ती आता तुझ्याकडे सिंदेवाहीला यायचं म्हणते आहे. पुढच्या रविवारी तिला बसमध्ये बसवून देईन. मी सोबत येणार नाही.

लाज वाटते. बाकी फारसं काही वाटत नाही, आणि त्याची भीती वाटते.

नवीन तक्त्यात आता अठ्ठेचाळीस ओळी आहेत. शेवटची मयुरीची. तिथे आजचा आकडा एकशे सतरा आहे आणि पुढे लिहिलं आहे, अजून परतली नाही. ती ओळ कुणी गाळणार नाही. रोज सकाळी मी त्यात एक मिळवतो.

मयुरीला वेगळं पत्र लिहिलं आहे. याच पाकिटात आहे, चिकटवलेलं. त्यात हेच सगळं आहे, फक्त तिला कळेल असं, आणि तिने माझ्यावर ओरडावं अशी जागा ठेवून. तिला ते तूच देशील. माझ्या वतीने काही समजावू नकोस. तुझीही मी माफी मागत नाही. मागितली की ती देण्याचं काम तुझ्यावर पडतं, आणि तुझ्यावर कामं आधीच पुष्कळ आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहिलं. तरी एक राहिलं आहे. त्या रविवारी तू विचारलंस, काही काम होतं का. होतं, बाई. दोन शब्दांचं होतं. तेवढ्यासाठीच फोन केला होता. आज त्यांचा कुणालाही उपयोग नाही, तरी तुझ्याच नावाने लिहून ठेवतो.

पाठवू नको.

राजदीप